आपण मिडल क्लास (म्हणे!)

एक छोटासा गेम खेळू या. ऑफिसच्या कँटीनमध्ये, चहाच्या टपरीवर, कुठेही चालेल. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला विचारा, ‘बाबा रे, तू कुठल्या क्लासमधला?’ उत्तर ठरलेलं आहे. नुकताच जॉइन झालेला, पीजीमध्ये तिघांत एक रूम शेअर करणारा पोरगा म्हणणार, मिडल क्लास. त्याची टीम लीड, वाकडला टू बीएचके, नवरा-बायको दोघं कमावते, ती म्हणणार, टिपिकल मिडल क्लास. तिचा बॉस, ज्याच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या आणि ज्याची लेक इंटरनॅशनल शाळेत, तो जरा खाकरून म्हणणार, ‘आपण मिडल क्लासच रे. फक्त अप्पर.’ आणि टपरीवाल्याला विचारलंत तर तोही तेच म्हणेल! मुंबई-पुण्यात श्रीमंत कुणी नाहीच मुळी. श्रीमंत म्हणजे अंबानी. गरीब म्हणजे सिग्नलला दिसतात ते. बाकी सगळे आपण मधले.

आता जरा धक्का देते. मे २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने देशातल्या विषमतेवरचा एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१९-२० च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीच्या आकड्यांवरून त्यात एक गोष्ट सांगितली होती. महिन्याला २५ हजार रुपये पगार असेल, तर तुम्ही देशातल्या कमावणाऱ्यांपैकी वरच्या दहा टक्क्यांत जाता. २५ हजार! म्हणजे तो पीजीवाला पोरगा, जो महिन्याच्या २३ तारखेपासून मॅगीवर असतो, तो त्या वर्षीच्या हिशेबाने टॉप टेन पर्सेंट. त्याला सांगून बघा. आधी हसेल, मग विचारेल, ‘मग माझे पैसे जातात कुठे?’

प्रश्न रास्त आहे. पण आधी दुसरं टोक बघू.

मार्च २०२४ मध्ये ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’च्या अभ्यासकांनी (थॉमस पिकेटी हे त्यातलं गाजलेलं नाव) भारतावर एक मोठा निबंध काढला. त्यांच्या हिशेबाने २०२२-२३ मध्ये देशातल्या एकूण उत्पन्नापैकी ५७.७ टक्के वरच्या दहा टक्के लोकांच्या खिशात गेलं. नुसत्या वरच्या एका टक्क्याकडे २२.६ टक्के. संपत्ती मोजली तर त्या एका टक्क्याकडे ४०.१ टक्के. आणि मधले ४० टक्के? म्हणजे खालचे निम्मे सोडून द्या, वरचे दहा सोडून द्या, मध्ये जे राहिले ते? त्यांच्या वाट्याला २७.३ टक्के. या मधल्या गटात दर प्रौढ माणसामागे वर्षाचं सरासरी उत्पन्न निघालं सुमारे १ लाख ६५ हजार रुपये. महिन्याला चौदा हजारांहून कमी.

थांबा, हा चौदा हजारवाला माणूस कोण? तर आपल्या गेटवरचा वॉचमन. स्वयंपाकाच्या मावशी. पाऊस कोसळत असताना कोथिंबिरीची जुडी आणून देणारा तो हेल्मेटवाला. आकडेशास्त्रात जो खरोखर मध्ये उभा आहे त्याला आपण मिडल क्लास म्हणत नाही, ‘बिचारा’ म्हणतो. आणि मिडल क्लास ही पाटी स्वतःच्या गळ्यात अडकवून घेतो.

आता कुणी म्हणेल, या परदेशी लोकांचे आकडे कशाला मानायचे? आपल्या सरकारनेच तर जुलै २०२५ मध्ये सांगितलं की समानतेत भारताचा जगात चौथा नंबर लागतो. सांगितलं, खरं आहे. जागतिक बँकेच्या आकड्यांवरूनच सांगितलं. फक्त एक गंमत आहे. तो २५.५ चा गिनी निर्देशांक उत्पन्नाचा नाही, खर्चाचा आहे. घरोघरी जाऊन ‘महिन्याला किती खर्च करता?’ असं विचारून काढलेला. इतर बऱ्याच देशांचे आकडे मात्र उत्पन्नाचे. म्हणजे एकाची उंची चप्पल घालून मोजायची, दुसऱ्याची अनवाणी. शिवाय खर्चाची पाहणी मोठ्या टॉवरच्या दारात अडखळते, हे अर्थशास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगत आलेत. आमच्या सोसायटीत कुरिअरवाल्याला तीन वेळा फोन करून वर सोडतात, पाहणीवाल्याला कोण सोडणार? आणि ज्याच्याकडे महिना पन्नास लाख येतात, तो खर्च करून करून किती करणार? खातो चारच पोळ्या. उरलेलं शेअर्समध्ये, जमिनीत जातं आणि पाहणीच्या कागदावर येतच नाही.

तर आपल्यासारखे लोक अडकलेत ते असे. पगाराच्या यादीत वर, संपत्तीच्या यादीत कुठेच नाही. आणि खर्च? तो तर भलत्याच यादीकडे बघून चाललेला.

माझ्या एका मैत्रिणीकडे एक एक्सेल शीट आहे. (नाव सांगत नाही, पण हे वाचून ती मला फोन करणार आहे.) नवरा-बायको दोघं हिंजवडीत. दोघांचे मिळून हातात येतात महिना १ लाख ५५ हजार. गावाकडे हा आकडा ऐकून लोक खुर्ची पुढे करतात. आता शीट बघा. फ्लॅट ८० लाखांचा, कर्ज ६० लाखांचं, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता ५२ हजार. मेंटेनन्स ५. गाडीचा हप्ता १४. पोराचं डे-केअर १५. दोन्हीकडच्या आई-बाबांचा मेडिक्लेम महिन्यावर वाटला तर ६. किराणा, भाजी, दूध आणि ते रात्री साडेदहाला अ‍ॅपवरून मागवलेलं आइस्क्रीम धरून १८. मावशी आणि ताई मिळून ८. पेट्रोल आणि कॅब ८. फोनचा हप्ता ५. वीकेंड १०. सांगलीला सासरी १०. झाले १ लाख ५१ हजार. सगळ्यात खालच्या ओळीचं नाव तिने ठेवलंय ‘उरलं तर’. त्यात उरतात चार हजार. तेही एखाद्या लग्नाचं आहेराचं पाकीट निघालं, की गेले!

या शीटमधली पहिली ओळ जरा उकलून बघण्यासारखी आहे. ६० लाखांचं कर्ज वीस वर्षांत फेडताना ती साधारण १ कोटी २५ लाख भरणार. बांधकाम चालू असताना बुक केला म्हणून ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख. पुण्यात स्टँप ड्युटी आणि त्यावरचे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशनचे ३० हजार वेगळे. म्हणजे दाराला तोरण लावायच्या आधीच दहा लाखांचा फडशा. हे दहा लाख कुठून आले? आईचे दागिने, बाबांच्या रिटायरमेंटचे पैसे, आणि एक पर्सनल लोन. तिच्या बॉसने याच भागात २००४ साली फ्लॅट घेतला होता. त्याचा हप्ता केव्हाच संपला, तो फ्लॅट भाड्याने दिलाय आणि त्या भाड्यातून दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता जातो. दोघंही सकाळी त्याच ट्रॅफिकमध्ये अडकतात, पण पगारातला फरक बाजूला ठेवला तरी दोघं वेगवेगळ्या जगात राहतात. एकाकडे घर पैसे आणतं, दुसरीकडून नेतं.

अर्थात आपल्या घरातलं मत वेगळंच असतं. ‘तुम्ही पोरं उधळता!’ रविवारी दुपारी जेवण झाल्यावर प्रत्येक घरात हे वाक्य होतंच. ‘आम्ही एका पगारात चार माणसं पोसली, वर पोस्टात आरडी केली, भिशी लावली, घर बांधलं. तुम्हाला दोन पगार पुरत नाहीत?’

उत्तर द्यायला जीभ शिवशिवते. पण खरंच, बाबांच्या पिढीचा हिशेब मांडून बघू या ना एकदा. पिंपरी-चिंचवडचंच घ्या. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आली, बजाज आली. दहावी झालेला, आयटीआय केलेला पोरगा गेटवर उभा राहायचा, ट्रेनी म्हणून लागायचा आणि काही वर्षांत ‘पर्मनंट’ व्हायचा. काय शब्द होता तो! स्थळ सांगून यायचं ते त्या शब्दावर. पर्मनंट झाला की कंपनीची बस, कंपनीचं कँटीन, आजारपणाला ईएसआय, क्रेडिट सोसायटीचं कर्ज. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून १९७२ मध्ये प्राधिकरण स्थापन झालं होतं. मुलं अनुदानित मराठी शाळेत, फी नावाला. सरकारी नोकरीत असाल तर पेन्शन.

म्हणजे बाबांच्या पगारातून शाळा जात नव्हती, प्रवास जात नव्हता, दवाखाना फारसा जात नव्हता आणि म्हातारपणही जात नव्हतं. आपल्या शीटमध्ये ही चारही कलमं स्वतंत्र ओळीत आहेत. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले तेव्हा आपल्यातले कितीतरी जण कुत्सितपणे हसले होते. त्या हसण्यात थोडी जळजळ नव्हती काय?

तेव्हा बाबांची काटकसर खरी होती, पण तिच्या खाली एक जाजम अंथरलेलं होतं. आपल्याला ते जाजमही विकत घ्यावं लागतं. हप्त्यावर.

गळे काढायचे नाहीत हं मला. त्या काळात फोनला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, चेतक स्कूटरलाही. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा जण राहायचे आणि सकाळी संडासला रांग असायची. आई-मावशा-आत्यांपैकी ज्यांना शिकायचं होतं त्यातल्या किती जणी शिकल्या, तेही विचारा. समानता होती, पण बऱ्याच अंशी सगळ्यांनाच कमी असण्याची. तरी एक गोष्ट मला चटका लावून जाते. त्या अभ्यासकांच्या आकड्यांत स्वातंत्र्यानंतर वरच्या एका टक्क्याचा उत्पन्नातला वाटा खाली खाली येत गेला आणि १९८२ मध्ये सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अगदी तळाला पोचला. १९८२! त्याच वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं कामावर गेली नाहीत, आणि त्यातल्या हजारोंना परत जायला गिरणीच उरली नाही. देशातली विषमता सगळ्यात कमी होती त्याच वर्षी, मुंबईत ज्या शिडीने माणूस वर चढायचा ती शिडी निखळली. तो संप देशातल्या विषमतेचं कारण होता असं म्हणत नाही मी, तेवढं सोपं काहीच नसतं. पण पुढे जे झालं ते आपण रोज बघतो. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने गिरण्यांच्या जमिनींचा विकास नियमांत बसतो असा निकाल दिला आणि लोअर परळला काच चढत गेली. मार्च २०२४ च्या हुरुन यादीत मुंबईत ९२ डॉलर-अब्जाधीश मोजले गेले, बीजिंगपेक्षा एक जास्त. आणि गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये. संपानंतर तीस वर्षांनी.

त्या शिडीच्या जागी नवी शिडी आली आपली, आयटीची. तीही काय जोरदार होती! २००० च्या आसपास कॉम्प्युटर शिकलेला पोरगा पहिल्या पगारात बाबांच्या शेवटच्या पगाराला गाठायचा. मग तिचं काय झालं? तर मोठ्या आयटी कंपन्यांतला फ्रेशरचा पॅकेज आठवून बघा. बारा-तेरा वर्षांपूर्वी तीन-सव्वातीन लाख. आज साडेतीनच्या आसपास. दरम्यान महागाई? सरकारचा किरकोळ किमतींचा निर्देशांक २०१२ मध्ये १०० धरला होता, २०२५ मध्ये तो १९५ च्या घरात होता. म्हणजे शंभराची वस्तू एकशे पंच्याण्णवला आणि पोराचा पगार जिथल्या तिथे. खरं तर तो पगार निम्मा झालाय, फक्त ऑफर लेटरवर तसं कुणी छापत नाही. आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने साधारण १२ हजार जणांना कमी करणार असं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीचे लोक जास्त असणार होते. मधली फळी. म्हणजे नेमकी हप्ते भरणारी!

यावर आपला इलाज काय? शॉपिंग.

हसू नका, आकडे सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये घरगुती निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली होती, कित्येक दशकांतली सगळ्यात कमी. घराघरांवरचं कर्ज डिसेंबर २०२४ मध्ये जीडीपीच्या सुमारे ४२ टक्के होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त घराचं नव्हतंच. पर्सनल लोन, कार्ड, गाडी, फोन वगैरे. पर्सनल लोन इतक्या वेगाने फुगायला लागली की नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा कर्जांसाठी जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आजी आपल्याला टोमणा म्हणून ऐकवायची. आता दिवाळीच्या महिन्यात तीच जाहिरात असते.

‘नो कॉस्ट ईएमआय’चा फंडा माहितीये? साठ हजारांचा फोन, बारा हप्ते, महिन्याला पाच हजार, व्याज शून्य. बँकेने धर्मादाय खातं उघडलंय का? नाही. बँक व्याज घेतेच. समजा पंधरा टक्के दर आहे. तर साधारण ४,६०० रुपये व्याज होतं आणि दुकानदार किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीतून ‘डिस्काउंट’ म्हणून आधीच वजा करते. म्हणजे बिल होतं ५५,४०० चं आणि तुम्ही व्याजासकट साठ भरता. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी आठशे-सव्वाआठशे, तुमच्याकडून. वर प्रोसेसिंग फी. आणि रोख देणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती विसराच. २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना खडसावलं होतं की शून्य टक्के व्याज असली काही चीज अस्तित्वातच नाही. त्यावर मार्केटवाल्यांनी नाव बदललं.

आणि कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’! हे तर भारीच प्रकरण. ५० हजारांची थकबाकी, तुम्ही भरलेत पाच टक्के म्हणजे अडीच हजार. मनात म्हटलं, चला, थोडं तरी फिटलं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, १,७५० रुपये. त्यावर जीएसटी ३१५. झाले २,०६५. म्हणजे अडीच हजारांतले मुद्दलाला गेले ४३५ रुपये. या गतीने ते ५० हजार फेडता फेडता ज्या गोव्याच्या ट्रिपसाठी घेतले तिचे फोटोही पिवळे पडतील. (फोटो मोबाइलमध्ये आहेत, कबूल. मोबाइल पण हप्त्यावर आहे.)

दोष सगळा आपला, असं मात्र मला वाटत नाही. तुमच्या आजूबाजूला विकायला काय ठेवलंय बघा. मारुती ८०० १९८३ च्या डिसेंबरमध्ये आली आणि एका पिढीने पहिली गाडी म्हणून तिला हार घातला. २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. स्कूटरवर चौघं भिजत जाणाऱ्या कुटुंबासाठी म्हणून रतन टाटांनी २००८ मध्ये नॅनो दाखवली, २०१८ मध्ये तीही बंद झाली. छोट्या हॅचबॅक गाड्यांचा वाटा काही वर्षांपूर्वी विक्रीच्या निम्म्याजवळ होता, २०२३-२४ पर्यंत तो चौथाईच्या आसपास घसरला आणि निम्म्याहून जास्त गाड्या एसयूव्ही झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणावा लागला, तो उगीच नाही. साबण-बिस्किटवाल्यांचंही तेच. पाच रुपयांचा पुडा पाचालाच, फक्त आतली बिस्किटं रोडावली. दुसऱ्या शेल्फवर बेल्जियन चॉकलेट. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेस्ले इंडियाचे तेव्हाचे प्रमुख सुरेश नारायणन यांनी उघडच सांगितलं होतं की मधला ग्राहकवर्ग आक्रसत चाललेला दिसतोय. ज्यांचा धंदा मॅगीवर चालतो ते हे सांगतात, तेव्हा कान टवकारायला हवेत. मधली वस्तूच दुकानातून गायब झाली की उरतात दोन पर्याय. खालची घ्या आणि हिरमुसा, नाहीतर हप्त्यावर वरची घ्या.

टॅक्सबद्दल चार ओळी, जास्त नाही, कारण तो विषय निघाला की रात्र होते. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, ही २०२५ च्या बजेटमधली सवलत खरंच मोठी आहे आणि माझ्या मैत्रिणीच्या शीटला तिने जरा श्वास दिला. पण २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्के झाला आणि २०२३-२४ मध्ये सरकारला कंपन्यांपेक्षा जास्त पैसा तुमच्या-आमच्यासारख्यांच्या प्राप्तिकरातून मिळाला. वर्षाला २४ लाखांच्या वर पगार गेला की पुढच्या रुपयावर ३० टक्के. तेच शेअर्स वर्षभर सांभाळून विकले, तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. घाम गाळणाऱ्याला जास्त आणि पैसा गाळणाऱ्याला कमी, असा हा न्याय. यावर मोर्चा कुणी काढत नाही. आपण मीम फॉरवर्ड करतो.

मोर्चा न काढण्याचं कारणही सांगू का? आपण सतत वर बघत असतो. तो बॉस, त्याची गाडी, त्याच्या लेकीची शाळा, इन्स्टावरचं कुणाचं तरी मालदीव. आपल्याला वाटतं, आणखी दोन इन्क्रिमेंट आणि एक स्विच, की पोचलोच. मागे वळून बघितलं तर जास्त घाबरायला होईल. कारण शीटमधल्या त्या आठ हजारवाल्या ओळीतल्या मावशी आणि आपण यांच्यामध्ये पूर्वी बरीच माणसं होती. फिटर, टर्नर, बँकेतला क्लार्क, एसटीचा कंडक्टर, गिरणीतला जॉबर, अनुदानित शाळेतला मास्तर. एकेक पायरी. आज मावशींचा मुलगा बारावीनंतर कुठे चढणार? नीती आयोगाने २०२२ मध्ये अंदाज केला होता की देशात २०२०-२१ साली ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. त्यातला एखादा दहा वर्षं मन लावून डिलिव्हरी करेल, तर दहा वर्षांनी काय होईल? डिलिव्हरीच करेल. सीनियर डिलिव्हरी बॉय अशी पोस्ट नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे कामगार कायदे लागू झाले, त्यात या पोरांची निदान दखल तरी घेतलीय. त्यातून त्यांच्या हातात काय पडतं ते बघायचं.

आमच्या सोसायटीत मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवर दीडशे मेसेजचं महायुद्ध झालं. विषय, डिलिव्हरीवाल्यांनी कुठली लिफ्ट वापरायची. सर्व्हिस लिफ्टच, असा ठराव पास झाला, आणि ‘वुई आर डीसेंट मिडल क्लास पीपल’ असं एका काकांनी शेवटी टाकलं. खाली बावीस अंगठे.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पाच घरं करतात. सकाळी साडेसहाला पहिलं घर, दुपारी दोनला शेवटचं. त्यातून वीसएक हजार होतात. त्यांची लेक बी.कॉम. झाली, वर्गात तिसरी आली होती. आता तिला नोकरी लागलीय. एका फायनान्स कंपनीसाठी फोन करते, ‘सर, आपल्याला प्री-अ‍ॅप्रूव्ह्ड लोन मंजूर झालंय’ वाले. मीटिंगमध्ये आपण कट करतो ना, ते. पगार चौदा हजार, कंपनीकडून नाही, मधल्या एजन्सीकडून, अकरा-अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट.

पेढे घेऊन आल्या होत्या मावशी. मी म्हटलं, ‘अभिनंदन हो मावशी, छान झालं.’ त्या खूश होत्याच, पण कणीक मळता मळता म्हणाल्या, ‘ताई, तिथं पर्मनंट करत न्हाईत म्हणं. तुमच्याकडं आयटीत करत्यात का?’

मी म्हटलं, ‘करतात की.’

‘म्हंजे मग काढत न्हाईत?’

‘काढतात. पण आधी साठ दिवसांची नोटीस देतात.’

मावशींनी हात थांबवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘अन् मग हप्ता?’